सातवा रकाना

पंख्याखाली कागद उडू नयेत म्हणून
मी प्रत्येकावर एकेक वजन ठेवते. बडोद्याचा मे महिना,
डांबरगोळ्यांचा वास, खिडकीत कबुतरांची घाण.
आज एकोणीस नंबरच्या लोखंडी कपाटात, अगदी तळाशी,
एक चपटं पाकीट निघालं.
आत मूठभर चुरा, करडा, काड्यांसकट,
आणि कसल्याशा दोऱ्याने घट्ट विणलेल्या झोळीचा
वीतभर काठ.

चिठ्ठीवर लिहिलंय: पिचुरी. ऑस्ट्रेलिया, आतलं वाळवंट.
इथवर कसं आलं, कुणी दिलं, बदल्यात
आपल्याकडून काय गेलं, कुठे नोंद नाही.
नोंदवहीत रकाने सात.
नाव, कूळ, स्थळ, तारीख, गोळा करणारा, कपाट.
सातवा, स्थानिक उपयोग,
कोरा.

दुपारभर वाचलं, जेवढं मिळालं तेवढं.
कोवळ्या फांद्या तापल्या वाळूत पुरून शेकायच्या,
पानं चुरायची, बाभळीच्याच कुळातल्या कुठल्याशा झाडाची राख
थुंकीत मळायची, आणि गोळी गालात.
मग ती ह्याच्या तोंडातून त्याच्या हातात,
त्याच्या तोंडात, उरली तर कानामागे.
भूक विसरायला. पुढचा पाणवठा येईपर्यंत पाय ओढायला.
परक्या टोळीतल्या माणसाजवळ बसून
बोलणं सुरू करायला.
पाण्यात टाकली तर एमू झिंगून बसतो, असंही.
शेकडो मैल पायी जायची म्हणे ही झोळी,
एका भाषेच्या हातून दुसऱ्या भाषेच्या हातात.

वेस्ताभाई राठवा दाराशी स्टुलावर.
डाव्या तळव्यावर तंबाखू, नखावर चुना,
अंगठा, अंगठा, मग थाप, आणि भुकटी उडवून
चिमूट ओठाआड.
मी पाकीट पुढे केलं. राख कशाला घालत असतील हो?
त्याने वास घेतला. हसलाही नाही.
"चुनो नसेल मिळत तिकडे, बेन."

एकतीस वर्षं मी
क्षार आणि अल्कलॉइड
दोन वेगळ्या कपाटांत ठेवत आले.

मग मला धीर आला, नको तेवढा.
तुमच्या कवांटकडची ती वेल, म्हटलं,
बडवा रात्री चघळतो ती,
सरांना तुम्हीच आणून दिलेली ना? नाव काय तिचं?
वेस्ताभाईने दाराबाहेर जाऊन पिंक टाकली.
परत यायला फार वेळ लावला.
"तीन सरांना तीन नावं सांगितली मी.
चौथं पाहिजे तर तुम्हालाही देतो."

त्या पुस्तकातही हेच होतं, मी घाईत उलटलेल्या पानावर:
झुडूप कुणालाही दाखवत,
पण कुठल्या टेकाडामागचं तोडायचं, कुठल्याला हात लावायचा नाही,
हे पिकल्या दाढीच्या माणसांनाच ठाऊक.
गोऱ्यांनी पीठ देऊन विचारलं, साखर देऊन विचारलं.
म्हाताऱ्यांनी पीठ घेतलं, साखर घेतली,
आणि भलतीकडे बोट केलं.
मग म्हातारे गेले.

मी बोट ओलं करून कणभर चुरा जिभेवर ठेवला.
कागद. डांबरगोळी.
जरा वेळाने जिभेचं टोक बधिर झाल्यासारखं,
किंवा मला तसं व्हायला हवं होतं.

पाच वाजले. मी पेन उघडलं.
लिहिलं असतं: चुन्याऐवजी राख, माहिती वे. राठवा.
तो मागेच उभा होता, किल्ल्या घेऊन.
"पेनने नको."
आणि कानामागची पेन्सिल काढून त्याने
माझ्या हातात दिली, आखूड,
दातांच्या खुणांची, घामाने
अजून कोमट.